मागच्या सीटवरची पेटी

गजाननचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या डाळीला एरंडेल लावत बसले होते. वर्षाची डाळ, दोन्ही हात तेलकट, म्हणून फोन पदराने उचलून कान आणि खांद्याच्या मध्ये धरला. गजानन म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांचा पुतण्या. एरवी तो आधी हवापाण्याचं बोलतो, जेवण झालं का विचारतो. त्या दिवशी एकदमच म्हणाला, "मावशी, काका गेले. सकाळी चहा पेले, म्हने जरा पडतो... ते उठलेच नाई." मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि पुन्हा डाळ चोळायला लागले. अर्धी डाळ तशीच टाकून उठलं तर तिला कीड लागते, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. परात संपल्यावर हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले, तरी तेल गेलं नाही. त्याच हातांनी खामगावच्या स्टँडवर पिंपळगाव राजाच्या एस.टी.त चढायला गेले आणि दांड्यावरून हात निसटला. तेव्हा कुठे रडू आलं. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "कोन वारलं, माय?" मी म्हटलं, "भाऊजी." ती म्हणाली, "मंग बहिनीकडं चालल्या." बहीण तर कधीचीच गेली होती. पण त्या बाईला एवढं सगळं कुठे सांगत बसायचं, मी मान हलवली आणि बाहेर पाहत राहिले.

त्याला आता दीड महिना होत आला. नारायणराव हे काही मोठं नाव नव्हे. पिंपळगाव राजा ते खामगाव या रस्त्यावर ज्यांनी उभी हयात टॅक्सी चालवली, नवऱ्या मुली पोचवल्या, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या आणि पहाटेच्या गाडीचे पाहुणे स्टेशनावर सोडले, ते नारायणराव. त्या भागातली जुनी माणसं अजून ओळखतील, ती "पेटीवाली गाडी" म्हणून. त्यांच्याबद्दल लिहावं असं मला कोणी सांगितलेलं नाही. घरातली माणसं तर म्हणतील, सुशीलाबाईंना काय अधिकार... आणि ते खरंच आहे. बायकोने लिहावं तर ती नाही, मुलाबाळांनी लिहावं तर ती झाली नाहीत. उरले मी, मेहुणी. उरलेल्या माणसाने लिहायला हरकत नसावी.

शेवटची भेट पाडव्यानंतरची. मी गेले तेव्हा ते ओसरीत खाटेवर बसले होते. अंगावर मांस उरलं नव्हतं, पण केस नीट विंचरलेले. उशाशी गाडीतली ती काळी स्पीकरची पेटी, तिच्यावर रेडिओ, वर पाण्याचा तांब्या. अंगणात चटईवर कडुलिंबाचा पाला वाळत घातलेला होता, पाडव्याचा उरला असेल असं मला वाटलं. मी चहा केला, दोघांनी घेतला, आणि नेहमीसारखं फारसं काही बोललो नाही. आमची बोलायची सवय कधीचीच मोडलेली. निघताना ते म्हणाले, "पेटी तुमच्याकडं घेऊन जा आता. मी गजाननले सांगतो." मी म्हटलं, "मला काय करायची ती? माझ्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही." त्यावर ते थोडं हसले. "थोडी भुरभुर करते. कोनीतरी एकदा खोलून पाह्यली पाह्यजे." मला वाटलं, यंत्राबद्दल बोलताहेत. म्हाताऱ्या माणसांना वस्तूंची काळजी फार असते, असं मनात म्हणत मी चपला घातल्या.

आता मागचं सांगते. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा ताईचं लग्न झालं. ताईचं नाव कमल, माझ्यापेक्षा मोठी, आणि बोलण्यात अशी की आमचे बाबा म्हणायचे, ही झोपेतही गप्प बसायची नाही. नारायणराव नेमके उलटे. शेतीचा वाटा भावाला देऊन त्यांनी जुनी काळी मोटार घेतली होती, आणि स्टिअरिंगला हात लागला की हा माणूस मुका. जोडा कसा जमायचा याची आम्हाला काळजी होती, पण तो फार छान जमला. खामगावची भाडी सोडून मोटार रिकामी परत निघायची तेव्हा ताई कधीमधी बाजारहाट करून तिच्यात बसायची. पुढे नाही, मागे. पुढची सीट पुरुष गिऱ्हाइकांची, टॅक्सीवाल्याची बायको पुढे बसली तर लोक हसतील असा तेव्हाचा हिशेब. म्हणून ती मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसायची, आरशात बरोब्बर दिसेल अशी, आणि सगळा रस्ता बोलत राहायची. कोणाची म्हैस व्याली, भेंडी किती महाग, सासूबाई काय म्हणाल्या. नारायणराव एक शब्द बोलायचे नाहीत. मी एकदोनदा त्यांच्याबरोबर होते. ताई दम घ्यायला थांबली की ते आरशात पाहायचे आणि नुसतं "हां" म्हणायचे. ते "हां" ऐकून ती पुन्हा सुरू. संसार असाही होतो हे मी तेव्हा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला होता.

पुढे काही वर्षांनी ताईला कावीळ झाली. झाडपाला झाला, दवाखाना झाला, आणि ज्या मोटारीत ती बोलत यायची तिच्याच मागच्या सीटवर आडवी पडून ती खामगावहून परत आली. त्या दिवशी ती बोलली नाही. तेरवीला आमच्याकडची आणि त्यांच्याकडची मोठी माणसं ओसरीवर बसली, आणि जे अशा घरी होतंच ते बोलणं निघालं. धाकटी आहे, लग्नाची आहे, शाळेत मास्तरीण आहे, घरातली पोर घरात. मला कोणी विचारलं नाही, मी आत भांडी विसळत होते आणि भिंतीला कान लावायची गरज नव्हती इतके ते मोठ्याने बोलत होते. नारायणरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले सध्या इचारू नका." त्या "सध्या"वर सगळे उठले. त्यांनी सध्या म्हटलं, नाही म्हटलं नाही. मी तो शब्द उचलून घेतला आणि बरीच वर्षं जपून ठेवला. मला ते आवडत होते. हे आता लिहायला काय लागतं, केस पांढरे झाले. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, आणि ताईच्या जागेवर बसल्याचं मला काही वाटलं नसतं. त्या दिवसापासून मात्र ते मला "सुशे" म्हणायचे बंद झाले. बाई म्हणायला लागले, तुमी म्हणायला लागले.

मग त्यांच्या धंद्याचं विचित्र होऊन बसलं. भाडं घेऊन ते खामगावला यायचे, पण रिकामी मोटार परत न्यायला तयार नसत. सवारी मिळेपर्यंत स्टँडजवळच्या लिंबाखाली थांबून राहायचे, उन्हात, कधी संध्याकाळपर्यंत. तिकडे पिंपळगावात गिऱ्हाईक खोळंबायचं. त्यांचे भाऊ मला म्हणाले, तुम्ही तिथंच राहता, तुम्ही समजावा, नाहीतर गाडी विकावी लागेल. मी शाळा सुटल्यावर लिंबाखाली गेले. म्हटलं, "भाऊजी, काऊन थांबता? सरळ निघावं ना घरी." ते चाकाकडे पाहत म्हणाले, "मागं कोनी नसलं की रस्ता सरतच नाई, बाई. पुढं रेडिओ लावून पाह्यला. पुढून आवाज येते. मागून काईच येत नाई." एवढं लांबलचक बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्या हिवाळ्यात मी त्यांच्यासाठी स्वेटर विणला. पहाटेच्या गाडीची भाडी न्यायची, काचा नीट लागत नाहीत, थंडी मी म्हणते. तपकिरी लोकर, पूर्ण बाह्या, समोर लाकडी बटणं. विणताना शेजारणी विचारायच्या कोणाचा, मी म्हणायचे वडिलांचा. नारायणरावांनी तो घेतला, हातात तोलून पाहिला, म्हणाले, "लोकर भारी हाय." आणि मोटारीत ठेवला. पुन्हा तो मला दिसला नाही. सबंध थंडी ते कानाला दुपट्टा गुंडाळून गाडी चालवत होते. मी विचारलं नाही. मनाला मात्र लागलं ते लागलंच.

उन्हाळ्यात एकदा मी पिंपळगावला गेले तर अंगणात हा पसारा. नदीकाठी तंबूतला सिनेमा यायचा, तो बंद पडला होता आणि त्याच्या मालकाकडून नारायणरावांनी एक भला मोठा स्पीकर आणला होता, ताटाएवढा, मधला कागद फाटलेला आणि चिकटवलेला. फळ्या आणून ते त्याच्यासाठी पेटी ठोकत होते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "मागच्या सीटवर ठेवतो." मोटारीत तोपर्यंत त्यांनी टेप बसवून घेतला होता, अशा गोष्टी त्या काळी आमच्याकडे नवलाच्या होत्या. लहान स्पीकरमधून नुसता किरकिराट यायचा. त्यांना खालचा आवाज हवा होता, डग्ग्याचा, पखवाजाचा, जो कानाला कमी आणि पाठीला जास्त कळतो. "मानूस मागं बसलं की सीट जराशी दबते ना," ते म्हणाले, "तसं वाटलं पाह्यजे." त्यांच्या भावजयीने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मी मात्र फळ्या धरायला बसले. सुट्टी होती, घरी जाऊन तरी काय करणार होते.

पेटी झाली, पण वऱ्हाडातला वैशाख. फळ्या वाळून त्यांच्यात फटी पडल्या. स्पीकर लावला की प्रत्येक फटीतून वेगळी शिट्टी. खिळे ठोकले, तेल-खडूची लांबी भरली, पुन्हा फटी. मग नारायणरावांना आठवलं की अकोल्याला बसगाड्यांच्या एका कारखान्यात फुटलेल्या पत्र्यावर कापड चिकटवून वर पातळ राळेसारखं काहीतरी लावतात, आणि ते वाळलं की दगड. फट नाही, जोड नाही. ते जाऊन त्याचे दोन डबे घेऊन आले, एक मधासारखा दाट, दुसऱ्यात थेंब थेंब घालायचं औषध. कापड मात्र तिथे संपलं होतं. ते काचेच्या धाग्यांचं असतं आणि मुंबईहून येतं, म्हणे. नारायणराव कारखानदाराला म्हणून आले होते, "कपाशीच्या मुलखात राह्यतो, कापड तुमी काय देता मले." आणि खामगावच्या बाजारातून कोरंकरकरीत मांजरपाट आणलं. नव्या वस्तूला नवं कापड, असा त्यांचा विचार. भर दुपारी कालवायला बसले. उन्हात ते औषध इतकं भडकलं की वाटीतून वाफ निघाली आणि ब्रश वाटीतच उभा राहिला, तो आजपर्यंत उभा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सावलीत पुन्हा केलं. कापड छान बसलं, वाळलं, आणि संध्याकाळी एक कोपरा उचलला तर सगळंच्या सगळं पापडासारखं निघून हातात आलं. नारायणराव तो पापड घेऊन पायरीवर बसले. "नाई होत, बाई," म्हणाले, "इकून टाकतो गाडी."

कोऱ्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही, तर राळ काय पिणार. हे गोधड्या शिवणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं, त्यात माझी काही हुशारी नाही. मी म्हटलं, जुनं पाहिजे. पुष्कळ धुतलेलं, मऊ झालेलं, सुती. घरात शोधाशोध झाली. धोतरं होती ती भावाच्या अंगावर. मग ते उठले, आत गेले, आणि ट्रंकेतून ताईची चंद्रकळा घेऊन आले. संक्रांतीला नेसायची ती काळी, धुऊन धुऊन रेशमासारखी झालेली. गेलेल्या बाईचे कपडे देऊन टाकतात, तसे सगळे दिले होते, हे एक त्यांनी ठेवलं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "तुमी फाडा," म्हणाले आणि फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी काठाला दाताने चीर दिली आणि फाडलं. जुनं सुती लुगडं फाडताना आवाज होतो तो अंगणभर झाला, रस्त्यावरही गेला असेल. मी घाई केली नाही आणि थांबलेही नाही. त्या कापडाला अजून तिच्या ट्रंकेतला वास होता, कापूर आणि थोडी हळद.

मग आम्ही दोघांनी ते पेटीला लावलं. सकाळचं ऊन अजून भिंतीपलीकडे होतं. ते ब्रशने राळ लावायचे, मी पट्टी उचलायचे, मग एक टोक त्यांनी धरायचं, एक मी, ताणून, सुरकुती न पडू देता खाली आणायचं. पेटी मध्ये, ते पलीकडे, मी अलीकडे, आणि आमच्यामध्ये ताईचं लुगडं धरलेलं. लग्नात आंतरपाट धरतात तसं. हे मला तेव्हाच वाटलं, आता लिहिताना सुचलेलं नाही. फरक एवढाच की आंतरपाट शेवटी बाजूला काढतात, आणि आम्ही तो पेटीला चिकटवला. त्यांना काय वाटत होतं देव जाणे. ते फक्त म्हणत होते, "हां... थोडं तुमच्याकडं... हां." त्या हां-वर माझा जीव गोळा होत होता. थरावर थर दिले. बोटं चिकटली, ती रॉकेलने सोडवली. वाळल्यावर पेटी अशी झाली की काळ्या पाण्यात पाहावं, आणि त्या पाण्याच्या आत लुगड्याचा धागान्‌धागा दिसत होता, उभा आणि आडवा. शेजारची बाया-माणसं येऊन हात लावून गेली. आत कापूस भरला, जिनिंगमधून आणलेला. मागची फळी पेचांनी, म्हणजे स्क्रूंनी, बसवली. फट उरली नव्हती, शिट्टी गेली.

सुट्टी संपत आली होती, म्हणून मला खामगावला सोडायला ते निघाले. पेटी मागच्या सीटवर, डाव्या कोपऱ्यात, दोरीने बांधून. मी सवयीने मागचं दार उघडलं तर ते म्हणाले, "पुढं बसा." आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मोटारीत पुढे बसले. गावाबाहेर आल्यावर त्यांनी टेप लावला. कोणाचं तरी भजन होतं. गळा पुढून आला, झांजा पुढून आल्या, आणि पखवाज मागून. सीटच्या पाठीतून तो माझ्या पाठीत शिरला. खरोखरच कोणीतरी मागे येऊन बसल्यासारखं वाटलं. नारायणरावांनी आरशात पाहिलं. तेरवीनंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. "आता भरल्यावानी वाटते गाडी," म्हणाले. मी त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर बसले होते... त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्यात त्यांचा काही दोष नव्हता, रस्ता खड्ड्यांचा होता. मी खिडकीतून कपाशीच्या नांगरलेल्या रिकाम्या वावरांकडे पाहत राहिले, आणि मला कळलं की ज्या जागेची मी वाट पाहत होते ती भरली, आणि भरायला मीच हात लावला.

गाडी विकली गेली नाही, हे मात्र झालं. ते पुन्हा रिकामे परत जायला लागले. मागे एक सवारी कमी बसायची, त्याचीही थट्टा व्हायची. स्टँडवरचे लोक विचारायचे, "काय हो नारायनराव, वैनीचं तिकीट काढलं का?" ते हसायचे. पावसाळ्यात भेटले तेव्हा मी पेटीचं विचारलं, तर म्हणाले खड्ड्यांनी आतला कापूस दबून खाली बसला, आवाज पोकळ येऊन राह्यला, डब्यातून आल्यावानी. पुढच्या खेपेला मी बसले तेव्हा आवाज पुन्हा भरीव होता, पहिल्यापेक्षाही मऊ. मी म्हटलं, काय केलं? "बसवलं काईतरी आत," म्हणाले, आणि गिअर टाकला. मला स्थळं आली, मी नाकारली. आधी बाबा होते म्हणून, मग नोकरी होती म्हणून, मग वय झालं म्हणून. लोकांना कारण लागतं, ते आपण द्यावं. दिवाळीला ते मला न्यायला यायचे आणि आणून सोडायचे. गाड्या बदलल्या, जीप आली, मग ती पण गेली, पेटी प्रत्येक गाडीत मागे डावीकडे असायची. आणि मी पुढे. एवढ्या वर्षांत आम्ही त्या रस्त्यावरून किती वेळा गेलो असू, आणि किती थोडं बोललो. मी एकटी राहिले, ते एकटे राहिले, आणि दोघांच्या मध्ये तो वीसेक किलोमीटरचा रस्ता राहिला. कधी कधी मला त्या पेटीचा राग यायचा. निर्जीव वस्तूचा राग येणं हे शाळामास्तरणीला शोभत नाही, पण यायचा.

गेल्या आठवड्यात गजानन त्याच्या गाडीतून पेटी घेऊन आला. काकांनी बजावून सांगितलं होतं, म्हणाला. गजानन चाळिशीचा आहे, गाड्यांचा शौकीन. पेटी उतरवताना तिच्यावरून हात फिरवून म्हणाला, "मावशी, आजकाल लोक पैशे मोजून गाडीले कार्बन फायबर लावतेत, ते असंच दिसते पाहा. काळं, आन् आत कापडाची ईन दिसते. काकांनी हे तवा कशाचं केलं?" मी म्हटलं, लुगड्याचं. त्याला ते खोटं वाटलं. माझा रेडिओ त्याने पेटीला जोडून दिला. आवाज आला पण भुरभुर होती, नारायणराव म्हणाले होते तशी. "खोलून पाह्यतो," म्हणत त्याने पेचकस काढला आणि पेटी उलटी फिरवली. "हे तं लय खेपा खोललेली दिसून राह्यली," तो म्हणाला. मीही वाकून पाहिलं. मागच्या फळीचे पेच सगळे घासून चकचकीत झाले होते, त्यांच्या खाचा रुंद झाल्या होत्या.

फळी निघाली आणि आधी पाला पडला. कडुलिंबाचा. खालचा नुसता चुरा, तंबाखूसारखा, त्याच्यावरचा करडा, त्याच्यावरचा पिवळट, आणि सगळ्यात वरचा अजून हिरवट होता, यंदाच्या चैत्रातला. कपड्यांना कसर लागू नये म्हणून आपण ट्रंकेत घालतो तसा, दरवर्षीचा. आणि पाल्याच्या मागे, पेटीच्या तीन बाजूंना पाठ आणि बाह्या टेकवून, चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून बसवलेला माझा स्वेटर. कापलेला नव्हता. उसवलेला नव्हता. बाह्या कोपऱ्यांत नीट दुमडल्या होत्या आणि लाकडी बटणं सगळी लावलेली होती. एका बाहीची चूक सैल होऊन बाही स्पीकरच्या कागदाला घासत होती, भुरभुर तिची होती. मी खाली जमिनीवरच बसले. गजानन म्हणाला, "मावशी, पानी आनू का?" मी नको म्हटलं.

या गोष्टीचा अर्थ काय लावायचा, तो मी रोज थोडा थोडा लावते. असंही असेल की लोकर दबत नाही, म्हणून त्यांनी ती वापरली. वऱ्हाडात स्वेटर लागतो तरी किती दिवस. आवाज भरीव पाहिजे होता, हाताशी लोकर होती, झालं. मी स्वतःला असं समजावते आणि मग मला तो पाला आठवतो. आवाजाला पाला लागत नाही. दर चैत्रात पेच काढून, पाला घालून, पेच लावायचे, आणि दिवाळीला मला न्यायला यायचं, आणि वाटेत एक शब्द बोलायचा नाही... काय माणूस होता. एकदा तरी सांगायचं होतं, भाऊजी. मी काही मागितलं नसतं.

गजाननने बाही पुन्हा बसवली. फळी लावायच्या आधी थांबून म्हणाला, "मावशी, लोकरीचं हे जुनं हाय, काढून तुमच्याजवळ ठेवता का? आत दुसरं काई भरून देतो, फोम मिळते आजकाल." मी त्याला अंगणातल्या कडुलिंबाचा ताजा पाला आणून दिला. म्हटलं, "राहू दे. आवाज पोकळ होईल."